देखाव्याची मोटर

मंडळी, आपल्या उधना-लिंबायतच्या घरांतले हलते देखावे आम्ही खेळण्यातल्या गाडीच्या मोटरीवर चालवतो. मोटर नुसती गुणगुणली, तर लगेच बदलू नका. दातेचक्र काढून मोकळी चालवा. फिरली, तर दोष चक्रांत. बहुधा दोरा अडकलेला. नाहीच फिरली, तर दोष मोटरीतच, कदाचित ब्रश झिजले असतील. नवी मोटर त्याच व्होल्टची घ्या. 3 व्होल्टच्या मोटरीला 12 सोसत नाहीत. उंदीरमामा उलटे पळाले, तर दोन तारांची अदलाबदल करा, बस्स!

अडकलेली मोटर मात्र चालू ठेवू नका. तेव्हाच ती सर्वांत जास्त करंट ओढते, तापते, आणि शेजारी कापूस, पुठ्ठ्याचं मखर, पोरं. आरतीत देखाव्याकडे कुणाचंच लक्ष नसतं, म्हणून आम्ही स्विच आधी बंद करतो.