भजनात पुढे म्हणणारे
(देवळाच्या जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला म्हणजे वर्गणीदारांची यादी लागते. ती लागलीच पाहिजे. कोणी सिमेंट दिले, कोणी वाळूची खेप टाकली, कोणाजवळ पैसा नव्हता त्याने अंगमेहनत केली. पावतीबुकात या सर्वांची नोंद असते. परंतु देवळाला आणखी एक खर्च लागतो, आणि तो कोणत्याच पावतीबुकात चढत नाही. तो गळ्याचा खर्च होय. दिवेलागणीच्या वेळी पाच-दहा माणसे टाळ घेऊन बसतात, त्यांतील एक जण पहिले चरण म्हणतो, बाकीचे ते झेलतात, आणि देवळात देव आहे असे वाटू लागते. हा जो पहिले चरण म्हणतो, त्याला कोठे बुवा म्हणतात, कोठे म्होरक्या म्हणतात, तर कोठे नुसतेच 'पुढे म्हणणारा' म्हणतात. अशा पुढे म्हणणाऱ्यांचे स्मरण करावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

नवेगाव बांधच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. येथला बांध कोलू पाटील कोहळी यांनी कित्येक पिढ्यांपूर्वी घातला. लोकांनी त्यांना देवपण दिले आणि कोलासूर स्वामी म्हणून त्यांची पूजा होते. बांधावर माती टाकणारे हात शेकडो असतील, पण माती कोठे टाकायची आणि पाणी कोठे अडवायचे हे एकाने सांगितले म्हणून तलाव झाला. भजनाचेही तसेच आहे. आवाज सर्वांचा असतो, परंतु पाळ धरणारा एक लागतो. फरक इतकाच की तलाव डोळ्यांना दिसतो, म्हणून तो बांधणाराचे नाव राहिले. गाणे हवेत विरते, म्हणून ते बांधणाराचे नाव राहत नाही.

ही परंपरा फार जुनी आहे. तुकाराम महाराजांसोबत चौदा टाळकरी होते असे परंपरा सांगते. संताजी जगनाडे हे त्यांपैकीच एक. म्हणजे एवढा मोठा कवीसुद्धा एकटा गात नव्हता. त्यांचे अभंग आज घरोघरी आहेत, याचे श्रेय जसे लिहून ठेवणाऱ्यांना आहे तसेच ते मागे उभे राहून म्हणणाऱ्यांनाही आहे. पुढे १६८५ साली त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंडीत टाळकऱ्यांच्या रांगा असतात, विणेकरी व मृदंगवाला असतो. एका बाजूने चरण उचलले की दुसरी बाजू ते घेते. कोणालाही थकवा येत नाही व गाणे खंडत नाही.

या सोहळ्यातील एक रीत सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुक्कामाच्या ठिकाणी समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो. त्याबरोबर हजारो टाळ एकदम थांबतात. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तेथे जातो, तक्रार ऐकून घेतो, मगच ते टाळ थांबतात. म्हणजे पुढारपण करणाराजवळ दोन गोष्टी हव्यात. हात वर केल्यावर सर्वांना थांबवता आले पाहिजे, आणि एखादा थांबला नाही तर त्याच्याजवळ चालत जाऊन ऐकता आले पाहिजे.

आता अलीकडच्या काळातील तीन नावे घेणे उचित होईल.

पहिले नाव पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाड येथे झाला. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ते गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. त्या काळी गाणे संस्थानिकांच्या दरबारात आणि बुवांच्या घरात कोंडलेले होते. पंडितजींनी ते शाळेत आणले, स्वरलिपी तयार केली, चाली छापल्या आणि काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायिले. १९३१ साली ते वारले. त्यांच्या मागे त्यांची मैफल राहिली नाही, पण त्यांनी शिकवलेले शिष्य देशभर राहिले.

त्या शिष्यांपैकी एक, पंडित नारायण मोरेश्वर खरे, हे दुसरे नाव. महात्मा गांधींना साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना चालवण्यास माणूस हवा होता. खरेशास्त्री तेथे गेले आणि आश्रमाचेच झाले. आश्रमात गुजराती, मराठी, हिंदी असे नाना भाषांचे लोक होते. कोणाचा आवाज गोड, तर कोणाचा बसलेला. या सर्वांना एका प्रार्थनेत बसवणे हे मोठ्या मैफलीपेक्षा कठीण काम आहे. ते त्यांनी वर्षानुवर्षे केले. अनेक भाषांतील पदे एकत्र करून त्यांनी आश्रम भजनावली तयार केली. १९३० साली दांडीयात्रेच्या तुकडीतही ते चालले. १९३८ साली हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या ठिकाणीच त्यांचा अंत झाला. आज त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, परंतु त्यांनी बसवलेली प्रार्थना लाखोंनी म्हटली आहे.

तिसरे नाव या मुलखाला सांगण्याची गरज नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातील यावली येथे. मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. १९३५ साली मोझरीस गुरुकुंजाची स्थापना झाली, १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींजवळ त्यांचा मुक्काम झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टीचा उठाव झाला, त्यामागे महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. सरकारने त्यांना पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. हातात केवळ एक खंजेरी असलेल्या माणसाची एवढ्या मोठ्या सरकारला धास्ती वाटली, ती एकट्या खंजेरीची नव्हती. तिच्यामागून जो आवाज उठत होता त्याची ती धास्ती होती. १९५५ साली ते जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. त्याच वर्षी एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली.

महाराजांच्या भजनाची रचना पाहिली तर ते पुढे म्हणणाऱ्यांचे गुरू का ठरतात हे समजते. ध्रुपद लहान, चाल सोपी, शब्द शेतावर बोलतात तसे. ज्याला अक्षरओळख नाही तोही दुसऱ्या खेपेस ते धरतो. सामुदायिक प्रार्थनेत सर्वांनी जमिनीवर सरळ रांगेत बसायचे. तेथे पाटील व मजूर, हिंदू व मुसलमान असा भेद नाही. ती वेळेवर सुरू व्हायची आणि वेळेवर संपायची. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा भंडारा, चंद्रपूर, वर्धा, अमरावती अशा जिल्ह्यांत गावोगाव निघाल्या, त्या या रांगांमुळेच.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला. आवाज गेला, आता मंडळे बसतील असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. तसे झाले नाही. आजही आश्विन वद्य पंचमीस गुरुकुंजात लाखो लोक जमतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. ज्याने सर्वांना गावयास शिकवले त्याच्या स्मरणार्थ सर्व जण एकाच क्षणी गप्प होतात, आणि मग प्रार्थना होते. ती प्रार्थना म्हणण्यास महाराजांची वाट पाहावी लागत नाही. पुढे म्हणणारा कसा होता, हे तो गात असताना कळत नाही. त्याची जागा रिकामी झाल्यावर गाणे चालते की बंद पडते, यावरून ते कळते.

आता गावाकडे वळू. पुढे म्हणणाराचे काम लोकांना सोपे वाटते. ते सोपे नाही. पहिली गोष्ट पट्टीची. पुरुषांना साधारण काळी एक सोयीची पडते, तर बायकांना काळी चार किंवा काळी पाच. देवळात दोघेही बसलेले असतात. पुढे म्हणणाराने आपल्या हौसेखातर उंच पट्टी लावली तर त्याची वाहवा होते, पण मागच्यांचे गळे बसतात आणि चौथ्या अभंगाला तो एकटाच उरतो. दुसरी गोष्ट लयीची. टाळ हातात आला की लय पळते, तिला धरून ठेवावे लागते. तिसरी गोष्ट माणसांची. कोणाला बेसूर म्हटले तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही, म्हणून बेसुराला मृदंगाजवळ बसवावे पण उठवू नये. जुन्या बुवांना हे सर्व कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते.

मायबहिणींचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आपल्या झाडीपट्टीत रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया गाणी म्हणतात. एक जण चरण टाकते, बाकीच्या उचलतात, आणि हात गाण्याबरोबर चालतात. देवळात पेटी घेऊन बसणाऱ्या कोणत्याही बुवाइतकीच ती बाई पुढे म्हणणारी होय. तिचे नाव तर कधीच कोठे लिहिले गेले नाही. बांधीत गाणाऱ्या बाईला देवळातही पुढे म्हणण्याचा मान असला पाहिजे.

एक काळजीची बाब येथे मांडणे भाग आहे. अभंगांचे व भजनांचे शब्द छापलेले आहेत, ते हरवत नाहीत. चाली मात्र छापलेल्या नाहीत. एकाच अभंगाची चाल दर दहा कोसांवर बदलते. आपल्या गावची चाल आपल्याच गावच्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात असते. असा एक म्हातारा गेला म्हणजे त्याच्याबरोबर दहा-वीस चाली जातात, आणि त्या कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत. शिवाय देवळावर कर्णा लागला की एकाचा आवाज तीन गावांना ऐकू जातो, पण शेजारी बसलेल्याला आपला आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो गप्प होतो. देऊळ गाजते, मंडळ मात्र आटते. नवे देऊळ बांधून झाल्यावर त्यात ध्वनिफीत लावून भागवण्याची वेळ येऊ नये.

यासाठी खर्चाचे असे काही करावयाचे नाही. गावातील जुन्या मंडळींना बसवून त्यांच्या चाली मोबाईलवर भरून घ्याव्यात व कोणती चाल कोणाकडून आली ती वहीत लिहावी. आठवड्यातून एक दिवस पुढे म्हणण्याचा मान शाळकरी पोराला किंवा पोरीला द्यावा आणि त्या दिवशी बुवांनी मागे बसून टाळ धरावा. महिला मंडळाचा एक दिवस ठरवावा. ध्वनिक्षेपक एकाच्या तोंडापुढे न ठेवता टाळकऱ्यांच्या मधोमध ठेवावा. आणि वर्गणीदारांच्या फलकाशेजारी आणखी एक फलक लावावा. आजवर या गावात ज्यांनी ज्यांनी भजनात पुढे म्हटले, त्या बुवांची व बायांची नावे म्हाताऱ्यांना विचारून त्यावर लिहावीत. नावे आठवणारी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

त्या फलकाच्या खाली मात्र थोडी जागा कोरी ठेवावी. आज टाळ मागून घेणाऱ्या पोरांपैकी कोणाचे तरी नाव तेथे यावयाचे आहे.

जय गुरुदेव.