शेण कोणाचे, शेत कोणाचे?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास वाहू लागले आणि वडगाव निंबाळकरच्या परिसरात शेणाचे मोल पालटले. जिरायत बाजरीला शेणखत अधूनमधून मिळाले तरी भागे. उसाला ते दर लागणीस गाड्यांच्या हिशेबाने लागते. ते येते कोठून? ज्याच्याकडे जनावरे आहेत पण पाणी नाही, त्याच्या उकिरड्यावरून. धनगराचा कळप बागायतदाराच्या रानात रात्रभर बसतो. लेंड्या-मूत मातीत मुरते आणि धनगराच्या पदरी पडते थोडे धान्य किंवा पैसे. दख्खनचे असे काही कळप दिवाळीनंतर घाट उतरतात आणि कोकणातील भातखाचरे खतावतात. एरवी तेथला शेतकरी राब भाजतो. जमीन एकाची, सुपीकता दुसऱ्याची!

शंभर किलो शेणखतात नत्र जेमतेम अर्धा किलो, तेवढ्याच युरियात ४६ किलो. म्हणून गोणी जिंकली. ट्रॅक्टर आला, बैल गेले, उकिरडा आटला. १९९२ साली स्फुरद-पालाशाच्या खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. स्वस्त नत्राकडे शेतकरी वळला, यात त्याचा दोष कसला? पण युरिया पिकाला नत्र देतो, मातीला पोत देत नाही. (हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर लिहिले होते, निचऱ्यावाचून तेथे शेणखतही हरते.)

आज संकरित गाईंच्या गोठ्यांतील शेण ट्रॉलीच्या भावाने विकले जाते. ते परवडते ऊसवाल्याला. भूमिहीन मजुराची बायको गोवऱ्या थापते, कारण तिला चूल आहे, शेत नाही. तेव्हा सेंद्रिय शेतीच्या घोषणेआधी गायराने मोकळी करा आणि मेंढ्या बसवण्याचा दर ग्रामसभेत, धनगराला समोर बसवून ठरवा.