घरकुलाआधी जागा



आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत “घरकुल आले काय?” असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळते, “यादीत नाव आहे.” नाव यादीत आणि संसार पऱ्हाटीच्या कुडाआड, ही अवस्था आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. असे का होते, याचा आज आपण विचार करू या.

घरासाठी सरकारी अनुदान ही काही नवी गोष्ट नाही. इंदिरा आवास योजना 1985-86 साली सुरू झाली व 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र योजना झाली. 2016 साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महाराष्ट्र शासनाने 2008 च्या निर्णयाने रमाई आवास योजना आणली. परळच्या चाळीत काटकसरीने संसार करणाऱ्या माता रमाईंचे नाव तिला दिले. आपल्या आदिवासी बांधवांसाठी शबरी योजना आहे.

2016 च्या नियमांनी सपाट भागातील घराला 1 लाख 20 हजार रुपये व किमान 269 चौरस फूट क्षेत्र ठरविले. ही रक्कम एकदम मिळत नाही. काम जसे वर चढते, तसे हप्ते खात्यात येतात. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया खोल न्यावा लागतो आणि पैसा मातीतच मुरतो. काम जोत्यावर थांबले की पुढचा हप्ताही थांबतो.

परंतु त्याही आधीचा प्रश्न जागेचा आहे. सासऱ्यांच्या नावे असलेल्या जागेवर सून राहते. सासरे गेले, नवरा गेला, पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नाव जुनेच राहिले. अशा भगिनीला मंजुरी दाखविता येते, जागा दाखविता येत नाही. ज्याच्याजवळ जागाच नाही, त्याला ती विकत घेण्यासाठी 2015 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेत अर्थसाहाय्य आहे. ते आधी 50 हजारांपर्यंत होते, पुढे 1 लाखापर्यंत वाढविले गेले. शासकीय जमिनीवरील 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचा निर्णयही 2018 साली झाला. या वाटा आहेत. पण अर्ज केल्याशिवाय त्या उघडत नाहीत.

म्हणून आपण एक काम अंगावर घेऊ. शिकलेल्या मुलामुलींनी सुटीत आपापल्या वस्तीतील प्रत्येक घरी जावे. जागा कोणाच्या नावे आहे, वारसाची नोंद झाली काय, जातीचा दाखला व बँकेचे खाते आहे काय, हे एका वहीत लिहावे. जिथे उणीव असेल तिथे त्या माणसासोबत ग्रामपंचायतीत जावे, अर्ज लिहून द्यावा व पोच घ्यावी. यादी ग्रामसभेत वाचली जाते. त्या दिवशी आपल्या माता-भगिनींनी तिथे हजर राहावे. घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे व्हावे, हा आग्रह धरावा.

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे सांगितले. शिकलेल्याची लेखणी वस्तीतल्या एका म्हातारीच्या अर्जाला उपयोगी पडली नाही, तर ते शिक्षण आपल्यापुरतेच राहिले. पुढच्या मेळाव्यात आपण भाषणे कमी करू आणि त्या वह्या मांडू.

जय भीम! नमो बुद्धाय!