यंत्राला आज्ञा देण्याची रीत

कापसाचा व्यवहार जाणणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यांतील वडीलधाऱ्या मंडळींस ‘हत्ता’ हा शब्द अपरिचित नसेल. रुमालाखालीं हात धरावयाचे, बोटें दाबून भाव सांगावयाचा आणि क्षणांत सौदा पुरा करावयाचा, अशी ती जुन्या बाजारांतील पद्धति. दलाल व व्यापारी यांस ती सोयीची. पण ज्याचा माल, त्या शेतकऱ्यास काय बोलणें झालें याचा पत्ता नसे. पुढें नियंत्रित बाजारांत उघड लिलाव रूढ झाला. त्यामुळें व्यापाऱ्याचें कसब कमी झालें नाहीं. शेतकऱ्यास सौदा ऐकूं येऊं लागला, एवढेंच. संगणकास आज्ञा देण्याच्या रीतीलाहि हाच न्याय लागू पडतो.

संगणकावर चित्रें निवडून काम करतां येतें, तसेंच कळफलकावर शब्द टाइप करून, म्हणजे लेखी आज्ञा देऊनहि करतां येतें. ही आज्ञा वाचून ती यंत्राकडून पार पाडून घेणारा जो मध्यस्थ, त्यास ‘शेल’ म्हणतात. १९७१ सालीं केन टॉम्प्सन यांनीं युनिक्स प्रणालीसाठीं असा शेल लिहिला. त्या काळचें टेलिटाइप यंत्र सेकंदास अवघीं १० अक्षरें छापी. म्हणून आज्ञाहि आखूड ठेवल्या गेल्या. यादीसाठीं ‘एल्-एस्’, प्रतीसाठीं ‘सी-पी’, पुसून टाकण्यासाठीं ‘आर्-एम्’. काम बिनचूक झालें, तर उत्तरादाखल एक अक्षरहि येत नसे. हें मौन जाणत्यास आवडतें, कारण त्याचा वेळ वांचतो. नवख्यास मात्र तो रुमालच वाटतो.

प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. पुसद येथें १९८३ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. अशा ठिकाणीं खेड्यांतून आलेला एखादा विद्यार्थी नको असलेल्या चार फाईली पुसावयास बसतो, असें समजा. तारकेचें चिन्ह म्हणजे ‘सर्व कांहीं’. या तारकेपुढें चुकून एक मोकळी जागा सुटली, कीं त्या कप्प्यांतील फाईली सरसकट जातात. ‘आर्-एम्’नें पुसलेली फाईल कचरापेटींत जाऊन पडत नाहीं. वर्षभराचें काम एका बोटाच्या चुकीनें नाहींसें होतें, आणि १९८९ पासून प्रचारांत असलेला ‘बॅश’ हा शेल तें होतांना एक शब्दहि बोलत नाहीं.

१९९० सालीं पॉल फॉल्स्टॅड यांनीं लिहिलेला ‘झेड-शेल’ नेमका येथें थांबतो आणि विचारतो, ‘सर्व फाईली खरोखरच पुसावयाच्या काय?’ ज्यास हा प्रश्न जाचक वाटेल, त्यास तो कायमचा बंदहि करतां येतो. नवख्याचें रक्षण झालें आणि जाणत्याची वाट अडली नाहीं. २००५ सालीं निघालेला ‘फिश’ आणखी पुढें जातो. आज्ञा अस्तित्वांत नसेल, तर टाइप होतां होतांच तिचा रंग तांबडा होतो. पूर्वीं दिलेली आज्ञा फिकट अक्षरांत पुढें मांडली जाते व एका कळीनें ती स्वीकारतां येते. हीच सोय शिकणाऱ्यास आठवण देते आणि तज्ज्ञाचे श्रम वांचवते.

या मार्गांत अडचण नाहीं असें नव्हे. शेल हा केवळ संवादाचा मध्यस्थ नसून त्याची स्वतःची भाषा असते, आणि तींत लिहिलेल्या आज्ञावल्यांवर जगांतील असंख्य संगणकांचीं कामें चालतात. फिशनें व्याकरण सुधारलें. पण त्यामुळें बॅशसाठीं लिहिलेल्या आज्ञावल्या त्यांत जशाच्या तशा चालेनात. म्हणून पुष्कळ जाणते लोक हातानें काम करावयास फिश वापरतात आणि आज्ञावल्या बॅशमध्येंच लिहितात. नवें घर बांधतांना जुनी विहीर बुजवावयाची नसते, हें यांतून दिसतें.

मुंबईच्या आय्. आय्. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमानें लिनक्सचे पाठ मराठींतून ऐकण्याची सोय केली आहे, व तिचा लाभ विद्यार्थ्यांनीं अवश्य घ्यावा. तथापि चूक घडते त्या क्षणीं पाठ जवळ नसतो, गुरुजीहि नसतात. समोर असतो तो शेल. कोठें चुकलें, काय म्हणावयाचें असावें आणि पुढें काय नष्ट होणार आहे, हें त्यानेंच साध्या शब्दांत आणि काम होण्यापूर्वीं सांगितलें पाहिजे.