आयत्या वेळचे विषय



आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेच्या सभेची विषयपत्रिका काढून बघा. शेवटचा विषय ठरलेला असतो : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. मागचं इतिवृत्त कायम होतं, खर्चाला मंजुरी मिळते, चहा येतो, निम्मे संचालक चपला शोधायला लागतात आणि तेवढ्यात गोदामाचं भाडं, मशिनची खरेदी, कुणाची तरी उचल असे खरे विषय निघतात. ‘मंजूर, मंजूर’ म्हणत सगळे उठतात. काही ठिकाणी तर सभा भरतच नाही. शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन घरोघर जातो आणि सह्या गोळा करतो. आज मला या सहीबद्दल बोलायचं आहे.

नांदेड-लातूरकडे संचालक होणं हा मोठा मान. साखर कारखाना असो, जिल्हा बँक असो की गावची सोसायटी, निवडून आलं की फेटा बांधतात, चौकात बॅनर लागतो. आता त्यात शेतकरी उत्पादक कंपन्यांची भर पडली आहे. सोयाबीन, तूर, हळद यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशा कंपन्या निघाल्या. डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशींवरून 2002 साली कंपनी कायद्यात त्यांची सोय झाली. एक सभासद, एक मत हे तत्त्व सहकाराचं. कायदा मात्र कंपनीचा. संचालक किमान पाच, जास्तीत जास्त पंधरा. सकाळी रानात पाणी देऊन दुपारी बैठकीला येणारा आपला शेतकरीही तिथं कायद्यानं पूर्ण संचालक असतो, मुंबईच्या बड्या कंपनीतल्या संचालकाइतकाच.

हा कायदा आयत्या वेळच्या विषयांना फार मोकळीक देत नाही. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी आणि तिची लेखी सूचना किमान सात दिवस आधी मिळायला हवी. घाईनं बैठक बोलावली, तर घाई का केली तेही लिहून ठेवायचं. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचं, तर ते सभासदांच्या सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनंतरच. आणि कायद्याविरुद्ध काही ठरलं, त्यातून कंपनीचं नुकसान झालं, तर ठरावाच्या बाजूनं मत देणाऱ्या किंवा इतर कुठल्या मार्गानं मान्यता देणाऱ्या संचालकांनी ते भरून द्यायचं, एकत्रितपणे आणि व्यक्तिशः. ‘इतर कुठल्या मार्गानं’ म्हटल्यावर घरी आलेल्या वहीवरची सहीसुद्धा आली.

सहकारी संस्थांच्या कायद्यातही सामुदायिक आणि वैयक्तिक जबाबदारी आहेच. कलम 83 खाली चौकशी लागते आणि कलम 88 खाली नुकसानीची रक्कम संचालकांच्या नावावर बसते. महिलांच्या राखीव जागेवर बाई निवडून येते, बैठकीला तिचे यजमान बसतात, वही सहीपुरती घरी जाते. वसुलीची नोटीस मात्र बाईंच्याच नावानं निघते. हा प्रकार मला फसवणुकीसारखाच वाटतो.

हे कागदोपत्री भय नाही, श्रोतेहो. 2002 सालचं होम ट्रेडचं प्रकरण जुन्या मंडळींना आठवत असेल. सरकारी रोखे घ्यायचे म्हणून सहकारी बँकांनी होम ट्रेडसारख्या दलाल कंपन्यांना पैसे दिले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. आपल्या शेजारच्या धाराशिवच्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादच्या, जिल्हा बँकेचा पैसा त्यात अडकला. नागपूर जिल्हा बँकेचे सुमारे 150 कोटी गेले. तिथले तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना नागपूरच्या न्यायालयानं 22 डिसेंबर 2023 रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली. त्याविरुद्ध अपील झालं, तो भाग न्यायालयाचा. मला सुचतो तो एवढाच प्रश्न : पैसे दिले, मग रोखे कुठं आहेत? तो विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मोंढ्यात माल घातलेला कुठलाही शेतकरी पट्टी हातात पडल्याशिवाय आडतीवरून उठत नाही. तोच माणूस संचालक म्हणून बैठकीला बसला की गप्प का होतो?

शिकलेले लोक असले की असं होत नाही, असंही समजू नका. आपली मुलं नोकरीसाठी जिथं जातात त्या हैदराबादची सत्यम कंपनी घ्या. तिच्या संचालकांत माजी कॅबिनेट सचिव होते, बिझनेस स्कूलचे अधिष्ठाता होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते. 16 डिसेंबर 2008 रोजी या मंडळानं अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या घरच्याच दोन कंपन्या विकत घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागं घ्यावा लागला. पुढं 7 जानेवारी 2009 ला राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की वह्यांतली 5,040 कोटींची शिल्लक मुळात अस्तित्वातच नाही. इतक्या विद्वानांच्या नजरेखालून ती वर्षानुवर्षं गेली.

संचालकानं करायचं ते फार अवघड नाही. बँकेचं स्टेटमेंट बैठकीत मागायचं. गोदाम, वाहन किंवा खताचं दुकान आपल्या भावाचं असेल, तर ते आधी सांगायचं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसायचं. न वाचलेल्या पानावर सही करायची नाही. ठराव पटत नसेल, तर ‘माझा विरोध आहे, तो नोंदवून घ्या’ असं म्हणायचं आणि पुढच्या बैठकीत तो लिहिला गेलाय का ते पाहायचं. गावात राहायचं असतं, पॅनेलप्रमुखाला दुखवायचं नसतं, ही अडचण मला कळते. ती न्यायालयात सांगून चालत नाही.

दरवर्षी सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतात. तुम्ही उत्पादक कंपनीचे सभासद असाल, तर सभेची लेखी सूचना किमान चौदा दिवस आधी यायला हवी आणि तिच्यासोबत ताळेबंद यायला हवा. नसेल आला, तर मागून घ्या. सभेला जा, आणि चहा झाल्यावरही थोडं बसून राहा.