ऑर्किडवरील कीड आणि बुरशी

घरातल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडवर मुख्यतः पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि लाल कोळी आढळतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके करतो, तर कोळ्यामुळे पानाची खालची बाजू रुपेरी दिसते. कीड दिसताच कुंडी वेगळी ठेवावी. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने कीड पुसून काढावी. अंड्यांतून नवी पिल्ले निघत असल्याने आठवड्याच्या अंतराने हे तीन-चारदा करावे लागते. कडुनिंबाचे तेल संध्याकाळी फवारावे, कारण उन्हात पाने करपतात.

बुरशी वाढते ती साचलेल्या पाण्यामुळे. मऊ पडलेली तपकिरी मुळे निर्जंतुक कात्रीने कापून रोप सालीच्या नव्या तुकड्यांत लावावे. पाणी सकाळी द्यावे, गाभ्यात साचू देऊ नये आणि पावसाळ्यात हवा खेळती ठेवावी.