नेताजी पालकर : पडद्यावरचा सरनोबत


सुपा-जोयड्याच्या मंडळींनो,

आज ऐकूया एका जुन्या युद्धपटाबद्दल.
चित्रपटाचं नाव, 'नेताजी पालकर'.
साल 1927.
तो मूकपट होता.
कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं तो काढला.
व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शनातलं हे पहिलं पाऊल.

नेताजी कोण?
शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे सरनोबत, म्हणजे प्रमुख.
लोक त्यांना प्रतिशिवाजी म्हणत.

तेव्हा स्वराज्य नवं होतं.
फौजही नवी होती.
ती उभी कशी राहिली?

घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत.
शिलेदार स्वतःचा घोडा आणी.
बारगिराला घोडा सरकारातून मिळे.
म्हणजे गरिबाघरचा पोरगाही स्वार होऊ शके.

श्रोतेहो, हेच लक्षात ठेवा.
गरिबाघरचा पोरगाही स्वार होऊ शके.
नव्या फौजेचं बळ इथं होतं.

पुढे 1675 मध्ये महाराजांची ही फौज आपल्या मुलखात आली.
कारवार, अंकोला घेतलं.
आपल्या काळी नदीकाठचं कद्राही घेतलं.

घरातल्या मुलांना नेताजींची गोष्ट जरूर सांगा.
आणि सांगा,
फौज एका वीराची नसते.
ती सगळ्यांची मिळून उभी राहते.